कुठल्या पाटलांपैकी?

कोल्हापूरकडं खोटं नाव सांगणं अवघड नाही. ते तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकवणं अवघड. वाघबीळच्या फाट्यावर चहाच्या गाड्याशी थांबा आणि सांगा, ‘मी पाटील.’ नाव लगेच पास. या जिल्ह्यात पाटील इतके, की लोक फोनमध्ये ‘पाटील दूध’, ‘पाटील गॅस’, ‘पाटील वायरमन’ असे नंबर ठेवतात. पण चहा हातात येईपर्यंत दुसरा प्रश्न येतो, ‘गाव कुठलं?’ गाव सांगितलंत की तिसरा, ‘कुठल्या पाटलांपैकी?’ वाड्यातले, मळ्यातले की तालमीजवळचे? तिथंही तग धरलात तर मामाचं गाव आणि मग बहीण कुठं दिली ते. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पै-पाहुणं निघतंय का हे बघायची इकडची रीतच आहे. मात्र समोरचा खरोखर हेर असता, तर कप रिकामा व्हायच्या आत उघडा पडला असता.

यंदाच्या अंकाचा विषय ‘गुपित’ ठरला, तेव्हा संपादकांनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही काय देताय?’ मी म्हटलं, ‘कथा-कादंबऱ्यांतल्या हेरांची नावं.’ पलीकडून आधी काही आलंच नाही. मग, ‘त्यात लेख होईल एवढं काही आहे?’ आहे. इंग्रजी किंवा रशियन लेखकाला हेराचं नाव शोधताना जी अडचण येत नाही, ती मराठी लेखकाला येते. आपलं नाव म्हणजे पूर्ण पत्ता असतो. बापाचं नाव, आडनावातून गाव, गावातून मुलूख, बऱ्याचदा जातही. गुप्तपणे वावरायचं ज्याचं काम, त्याला एवढी माहिती कपाळावर लावून कसं फिरवायचं? हा पेच मराठीत कुणी कसा सोडवला, हे बघायला मी पन्हाळ्याला गेलो. बरोबर कोल्हापूरचा एक तरुण होता. तो एका ॲपसाठी मराठीत ऑडिओ मालिका लिहितो. नायक आजच्या काळातला हेर. कथानक तयार, संवाद तयार. संहितेत नायकाच्या नावाच्या जागी मात्र नुसती फुली.

शिवाच की त्यो

पन्हाळा हा राहता गड. नगरपरिषद, शाळा, बंगले, हॉटेलं आणि तीन हजारांच्या आसपास वस्ती. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यात पन्हाळाही आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची कोठारं, सज्जाकोठीवर फोटो, मग झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही. राजदिंडीकडं फार थोडी पावलं वळतात. आम्हाला नेमकं तिकडंच जायचं होतं.

१६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला वेढा घातला. जौहर हे त्याचं नाव, सलाबतखान हा आदिलशहानं दिलेला किताब. राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. पाऊस लागला तरी वेढा ढिला पडेना. तेव्हा शरण येण्याची बोलणी लावून पहारा सैलावला आणि जुलैतल्या एका रात्री महाराज राजदिंडीच्या अंगानं उतरून म्हसाई पठारावरून विशाळगडाकडं निघाले. पुढची घोडखिंड आणि बाजीप्रभू शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. या लेखाला हवा तो मधला तुकडा शिवा काशीदचा आहे. पायथ्याच्या नेबापूरचा, नाभिक समाजातला शिवा महाराजांसारखा दिसत होता. तो दुसऱ्या पालखीत बसला, मुद्दाम सापडला, जौहरच्या छावणीत नेला गेला आणि ओळख पटल्यावर मारला गेला. समकालीन कागदांत शिवा शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. इथं मात्र गडावर त्याचा पुतळा आहे, पायथ्याशी समाधी आहे आणि ज्याला विचाराल त्याच्याकडं त्याची हकिगत आहे.

शिवा रूढ अर्थानं हेर नव्हे. पण काही तासांसाठी दुसऱ्याच्या नावानं जगण्याचं काम त्याच्याकडं आलं होतं आणि हेराच्या कामाचा गाभा तोच. आमच्या ऑडिओवाल्यानं कणसं भाजणाऱ्या एका म्हाताऱ्यांना विचारलं, ‘मामा, छावणीत त्याला नाव विचारलं असंल की. काय सांगितलं असंल त्यानं?’

मामांनी कणीस उलटं केलं. ‘काय सांगणार? खोटं बोलायची पाळीच न्हवती त्याच्यावर. शिवाच की त्यो.’

पोरगा थोडा पुढं जाऊन म्हणाला, ‘सर, हे मी लिहिलं असतं तर निर्मात्यानं खोडलं असतं. म्हणाला असता, राजाच्या तोतयाचं नाव राजाच्याच नावासारखं? लोक हसतील, बदल.’ त्याचं म्हणणं खरं आहे. इतिहासाला योगायोग माफ असतात, गोष्ट लिहिणाऱ्याला नसतात. आणि तरी हे नाव हेरकथेच्या हिशेबात अव्वल आहे. ‘शिवा’ म्हणून कुणी अंधारातून हाक मारली, तर त्यानं दचकून मागं वळून बघितलं तरी चालण्यासारखं होतं. खोट्या नावाचा पहिला धोका त्याच हाकेत असतो. आपलं खरं नाव कानावर पडलं की मान वळते, नवं नाव कानावर पडलं तर वळत नाही. शिवाचं दोन्हीकडून भागत होतं.

बहिर्जी हे नाव कुणाचंही असू शकतं

मराठीत हेर म्हटलं की पहिलं नाव बहिर्जी नाईकांचं. शिवकालातल्या जासूदांचा हा नाईक. सभासदाच्या बखरीत तो ठळक दिसतो जालन्याच्या स्वारीनंतर. १६७९ साली परतीच्या वाटेवर मोगली फौजेनं कोंडी केली असताना आडवाटेनं फौज पट्टा किल्ल्याला सुखरूप नेली ती त्यानं. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर त्याची समाधी आहे. बाकीचं बरंचसं कीर्तनकार, शाहीर, कादंबरीकार आणि सिनेमावाल्यांनी भरलं. फकीर झालेला बहिर्जी, वासुदेव झालेला बहिर्जी, पाखरांच्या आवाजात निरोप देणारा बहिर्जी. ज्याचं काम नोंद न ठेवण्याचं, त्याच्या नोंदी कमी असणारच. लेखकाला अशी रिकामी जागा कुठं मिळते?

मला त्याच्या नावाचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणानं. पश्चिम महाराष्ट्रात बहिरोबाची देवळं गावोगाव आहेत आणि पूर्वी बहिर्जी, बहिरू, भैरू ही शेतकऱ्या-धनगरांच्या घरातली रोजची नावं होती. बाजारात ‘बहिर्जी’ म्हणून हाक दिली असती तर चार माणसांनी ओ दिली असती. स्वराज्याच्या सर्वांत मोठ्या गुप्तहेराचं नाव अंगणात खेळणाऱ्या कुठल्याही पोराचं असू शकत होतं. ‘नाईक’ हा हुद्दा. आडनाव जाधव होतं की आणखी काही, यावर आजही वाद घालणारे घालतात. वाद मिटत नाही, यातच त्या माणसाचं कसब दिसतं.

कोल्हापूरच्या सिनेमावाल्यांनी हे नाव लवकर उचललं. भालजी पेंढारकरांच्या काळात, १९४३ साली, ‘बहिर्जी नाईक’ नावाचा बोलपटच आला. अलीकडं दिग्पाल लांजेकरांच्या शिवपटांतून बहिर्जी पुन्हा घरोघर पोचला. ‘फर्जंद’मध्ये तो प्रसाद ओकचा चेहरा घेऊन आला, पुढं ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडेचा. एरवी नट बदलला की प्रेक्षक कुरकुरतात. बहिर्जीच्या बाबतीत कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. माणूस बहुरूपी, तर चेहरा बदलणारच. नाव तेवढं तेच राहिलं म्हणजे झालं.

केसरला आडनाव नाही

‘फर्जंद’ची गोष्ट याच गडाची. १६६० नंतर पन्हाळा आदिलशाहीकडं गेला तो १६७३ च्या मार्चपर्यंत. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसं घेऊन रात्री कडा चढून गेला आणि गड घेतला. जयराम पिंड्ये या कवीनं त्याच सुमाराला या पराक्रमावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचलं. साठ माणसांनी एवढा मोठा गड घ्यायचा म्हणजे आतली बातमी पक्की हवी. पहारा कुठं ढिला, कडा कुठून चढता येतो, किल्लेदार कधी झोपतो. ही बातमी आणणाऱ्यांची नावं सामान्य वाचकापर्यंत आली नाहीत. २०१८ च्या चित्रपटानं त्या जागी एक बाई उभी केली. कलावंतीण म्हणून शत्रूच्या गोटात वावरणारी केसर. भूमिका मृण्मयी देशपांडेची.

नावाची निवड बघा. पात्रयादीत ती नुसती केसर. सरदारांना आडनावं आहेत, घराणी आहेत, केसरला काहीच नाही. कलावंतिणीला तसंही आडनाव कोण विचारतं, ही त्या काळाची निर्दय रीत पटकथेच्या कामी आली. दुसरी सोय आजची. ऐतिहासिक चित्रपटात काल्पनिक पात्राला आडनाव दिलं की त्या आडनावाची माणसं थिएटरात बसलेली असतात. ‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं’ म्हणणारेही असतात आणि ‘आमच्याच घराण्यातली होती, नाव मोठं का नाही केलं’ म्हणणारेही. एका नावापायी खेळ बंद पडू शकतो, हे मराठी निर्मात्याला पाठ आहे. म्हणून मावळा काल्पनिक असला की तो रायबा, सर्जा, येसू असा पहिल्या नावावर भागवला जातो. हेर तर त्याहून सोपा, त्याचं नाव माहीत नसणं पडद्यावर खपून जातं.

मला यात थोडी पळवाट दिसते. पण ती अगदी जुनी पळवाट आहे.

निपुणक, जीर्णविष आणि पक्ष्यांचा अभ्यासक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचं खातं सविस्तर आहे. तिथं व्यक्तींची नावं नाहीत, वेषांची आहेत. विद्यार्थी म्हणून वावरणारा कापटिक, संन्यास सोडून आलेला उदास्थित, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या, तपस्व्याच्या वेषातले तिघं. हे एका जागी बसून काम करणारे. फिरस्त्यांत सत्री, मारेकरी तीक्ष्ण, विष घालणारा रसद आणि घरोघर जाणारी भिक्षुकी. एका हेराला दुसऱ्याची ओळख नसावी आणि तिघांकडून आलेली बातमी जुळली तरच खरी धरावी, असा दंडक. अशा व्यवस्थेत नावाला किंमतच नाही. उद्या तापस मेला तर त्या जागी दुसरा तापस.

नाटककाराचं तेवढ्यावर भागत नाही, त्याला रंगमंचावर हाक मारायला नाव लागतं. विशाखदत्तानं ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याच्या हेराला निपुणक म्हटलं. हातात यमाचं चित्र घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरणारा हा माणूस राक्षस या नंदांच्या अमात्याची अंगठी आणून देतो आणि तिथून सगळं नाटक हलतं. राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुडी बनून येतो आणि आपलं नाव सांगतो जीर्णविष. काय नाव आहे! सापाच्या खेळाला शोभेल असं, ऐकणाऱ्याला जरा किळस येईल असं, आणि ‘याच्या विषात आता दम नाही’ असा धीर देणारंही. क्षपणकाच्या वेषातला जीवसिद्धी तर राक्षसाचा जिवलग म्हणून शेवटपर्यंत मिरवतो आणि असतो चाणक्याचा माणूस. दोन थरांची नावं, वेषाला जुळणारी, आणि प्रेक्षकाला मात्र आतलं माहीत. हेराचं नाव कसं ठेवावं याचा याहून चांगला धडा मला कुठं सापडला नाही.

इयन फ्लेमिंगनं नेमकी उलटी वाट धरली. जमैकात बसून त्यानं पहिली कादंबरी लिहिली तेव्हा त्याला नायकासाठी होईल तितकं सपक नाव हवं होतं. घरात वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरचं १९३६ सालचं पुस्तक होतं, लेखक अमेरिकेतला पक्षिशास्त्रज्ञ जेम्स बाँड. नाव उचललं. १९५३ ला ‘कॅसिनो रोयाल’ आली आणि पुढच्या काही वर्षांत हे सपक नाव जगातलं सर्वांत झगझगीत नाव झालं. त्याच लेखकानं खलनायकाला गोल्डफिंगर हे एका खऱ्या वास्तुविशारदाचं आडनाव दिलं आणि तो वकिलाकडं गेला. म्हणजे आडनावावरून बोंब होते ती फक्त आपल्याकडं, असं समजायचं कारण नाही.

हिंदीवाल्यांनी बाँडचं मर्म बरोबर ओळखलं होतं. १९७७ च्या ‘एजंट विनोद’ या चित्रपटातल्या हेराचं नाव विनोद. ‘एजंट’ काढला तर बँकेतला कारकून. ‘राझी’तल्या सेहमतची गोष्ट वेगळी. हरिंदर सिक्कांच्या कादंबरीतलं ते नाव, जिच्यावरून गोष्ट घेतल्याचं सांगतात त्या बाईचं नाव झाकण्यासाठीच आलेलं. तिथं कल्पित नावानं खऱ्या हेराचं काम केलं.

झुंझार भाड्यानं मिळेल

मराठी रहस्यकथेनं यातलं काही केलं नाही. तिनं हेराला दवंडी पिटल्यासारखं नाव दिलं.

बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करावी लागते. हेही टोपणनावच. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक पुस्तकं. नायक कोण? झुंझार, काळापहाड, धनंजय, दर्यासारंग. धनंजयाबरोबर छोटू. यातलं काळापहाड हे नाव बंगालच्या सुलतानाच्या एका सेनापतीचं, सोळाव्या शतकात ओडिशातली देवळं फोडल्याबद्दल कुप्रसिद्ध झालेला. आई लेकराला ज्याच्या नावानं भिववेल, ते नाव अर्नाळकरांनी गिरगावातल्या वाचकाच्या लाडक्या नायकाला दिलं आणि ते खपलं. गुप्तपणाच्या दृष्टीनं असलं नाव कुचकामी. चोरून शिरायचं त्या घराच्या दारावर नगारा वाजवण्यातलाच प्रकार.

पण ही नावं गुन्हेगारांपासून लपायला नव्हतीच, ती वाचकाला सापडायला होती. त्या काळची वाटपाची रीत आठवा. गल्लीतली सर्क्युलेटिंग लायब्ररी, दिवसाच्या भाड्यानं पुस्तक, काउंटरवर रेलून मागणी. लेखकाचं नाव पुष्कळांच्या लक्षात नसायचं. ‘नवीन झुंझार आला का?’ एवढंच. मुखपृष्ठावरचं नायकाचं नाव हा त्या मालाचा छाप होता. लांबून वाचता आलं पाहिजे, उच्चारायला जोर पाहिजे, आणि विभक्ती लावल्यावर मोडलं नाही पाहिजे. ‘झुंझारनं’, ‘झुंझारला’, ‘झुंझारच्या’. कुठं अडतंय? मराठी नायकाच्या नावाची ही खरी परीक्षा, कारण ते वाक्यात एकटं कधी येतच नाही.

गुरुनाथ नाईकांच्या काळात चित्र बदललं. पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांनंतर गणवेशाचं वजन वाढलं होतं. त्यांचा गाजलेला हेर कॅप्टन दीप. हुद्दा आणि दोन अक्षरी नाव, आडनाव गायब. मराठीही वाटेल, पंजाबीही वाटेल, सीमेपलीकडं कुठंही चालून जाईल. त्यांचाच मेजर अविनाश भोसले मात्र पक्का आपल्या मुलखातला. मला शंका एवढीच, की हा मेजर शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत उतरला असता तर? त्या गावात घरटी फौजी. कुणीतरी मिशीवर हात फिरवत ‘कुठली पलटण, सायेब?’ विचारलंच असतं आणि मेजरसाहेबांना बेळगावच्या मराठा सेंटरमधल्या उस्तादाचं नाव आठवावं लागलं असतं.

नावाच्या पत्त्याचा प्रश्न डोळसपणे हाताळला तो सुहास शिरवळकरांनी. मंदार पटवर्धन म्हटलं की पुणं आलं, पेठ आली. फिरोज इराणी म्हटलं की शहराचा दुसरा कोपरा. दारा बुलंद या माणसाला तर मुलूखच नाही. शिरवळकरांनी पत्ता लपवला नाही, त्याचाच वापर केला. वाचक नावावरून माणसाचं घर, बोली, चालणं ताडतो, तर ताडू दे. त्यामुळं पहिल्या पानावर वर्णन करायचं काम वाचलं. रहस्यकथेत पानं मोजून लिहावं लागतं.

संहितेतली फुली

सज्जाकोठीच्या जवळ सावलीला बसून आम्ही फुलीच्या जागी नावं घालून बघत होतो. समोर जोतिबाचा डोंगर. ऑडिओ मालिकेचे नियम छापील पुस्तकाहून वेगळे, ते पोरगा समजावत होता. ऐकणारा भांडी घासत किंवा गाडी चालवत ऐकतो, मागचं पान उलटता येत नाही. म्हणून मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू व्हायला नकोत. विक्रम आणि विक्रांत एका मालिकेत आले की ऐकणारा हरवला. जोडाक्षर फार नको, माइकवर फुटतं. कुजबुजत मारता येईल अशी हाक हवी. दम लागलेला असतानाही एका श्वासात निघाली पाहिजे.

त्याचा पहिला पसंतीचा हेर होता विक्रांत रणदिवे. दही द्यायला आलेल्या मावशींना त्यानं विचारलं, ‘मावशी, हा माणूस कोण असंल?’

‘सिरियलमधला हाय का? मोठ्या बंगल्यातला?’

झालं, फुली परत आली. मग आम्ही पंचक्रोशीतली खरी नावं आठवायला लागलो. चाळिशीतला, या भागातल्या शेतकरी घरातला पुरुष. सर्जेराव, आनंदा, जोतिराम, केदार, पिराजी, कृष्णात. कृष्णातवर दोघंही थांबलो. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या बाहेर हे नाव क्वचित भेटतं आणि इथं मात्र प्रत्येक दूध डेअरीच्या वहीत असतं. वीरश्री नाही, रहस्य नाही. ‘कृष्णात’ नावाच्या माणसावर कुणी पाळत ठेवेल असं स्वप्नातही येत नाही. पोरगा मोबाइलवर हाक रेकॉर्ड करून बघत होता, हळू, मोठ्यानं, पळताना. ‘कृष्णा’वर आवाज टाकता येतो आणि ‘त’वर थांबता येतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

आता आडनाव. चौगुले, मोरे, जाधव, काहीही लावलं तरी चहाच्या गाड्यावरचा तिसरा प्रश्न येणारच. त्यावर त्याची एक युक्ती होती, आणि मला ती फार आवडली. त्याचा हेर धरणग्रस्त. वारणेच्या धरणात आणि चांदोलीच्या अभयारण्यात गावं उठली, माणसं खालच्या मुलखात वसाहतींतून विखुरली. गावच पाण्यात गेलं, तर तपासायला जाणार कुठं? शेजारी दहा दिशांना, देऊळ पाण्याखाली, शाळेचं दप्तर कुठं ते सरकारलाही सांगता येत नाही. खोट्या माणसाला याहून सुरक्षित गाव मिळणार नाही. त्यातला क्रूरपणा त्याला कळत होता. मालिकेत तो येणार आहे, म्हणाला. ज्याचं गाव खरंच गेलं, अशा एका म्हाताऱ्याशी त्याच्या हेराची गाठ पडणार आहे.

मावशी पैसे घ्यायला आल्या तेव्हा त्यानं पुन्हा परीक्षा घेतली. ‘मावशी, कृष्णात पाटील. धरणातनं उठून आलेला.’

‘कुठल्या वसाहतीत?’ मावशींनी सुटे पैसे मोजता मोजताच विचारलं. ‘आमच्या नणंदेची पोरगी दिलीया तिकडं. इचारून सांगती.’

आम्ही दोघंही हसलो. त्या हसल्या नाहीत, त्यांनी खरंच फोन काढला होता.

त्यातून पोरग्यानं वाट काढली ती अशी. हेराला पाटील राहू द्यायचं, वसाहतही राहू द्यायची, आणि पहिल्याच भागात एका बाईनं त्याला असाच तिसरा प्रश्न विचारून पकडायचं. ती बाई कुणाला सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढच्या भागांत. पन्हाळ्यावरून उतरताना त्यानं संहितेतली फुली काढली. माझ्या मते मराठी हेरकथेला हेच नाव शोभतं, जे आपल्या माणसांत शिरल्यावर धोक्यात येतं. झुंझारला ती भीती नव्हती. तो कुठल्याच गावचा नव्हता.

माळ्यावरचे हेर

जाता जाता एक काम सांगतो. या लेखासाठी जुनी पुस्तकं शोधायला गेलो तेव्हा एका मोठ्या ग्रंथालयात उत्तर मिळालं, ‘असली पुस्तकं आम्ही ठेवत नाही.’ भाड्याच्या लायब्रऱ्या बंद पडल्या तशी अर्नाळकर-नाईकांची ही पातळ, पिवळ्या कागदांची पुस्तकं गाडीभर रद्दीत गेली. पुष्कळ पुस्तकांची मुखपृष्ठं फाटलेली, आणि हेराचं नाव छापलेलं असायचं ते तिथंच. तुम्ही हा अंक हातात घेतलाय तेव्हा घरात दिवाळीची झाडलोट नुकतीच झाली असेल किंवा व्हायची असेल. माळ्यावर झुंझार, कॅप्टन दीप, दारा बुलंद असं कुणी सापडलं तर रद्दीवाल्याला देऊ नका. मुखपृष्ठाचा फोटो काढा, आतलं साल आणि प्रकाशकाचं नाव टिपा, आणि पुस्तक जे वाचनालय घेईल त्याला द्या. कुणीच घेत नसेल तर या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. नेऊन ठेवायची जबाबदारी माझी.